मुहूर्ताचा भाव

कापूस-खरेदीचा मुहूर्त वऱ्हाडच्या व्यापाऱ्यांस नवा नाहीं. हंगामाच्या पहिल्या दिवशीं गाडीची व काट्याची पूजा होते, माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यास नारळ मिळतो, आणि त्या दिवसापुरता भावही चढता लागतो. दुसऱ्या दिवशीं तोच कापूस, तोच काटा, तेंच आवार. भाव मात्र खालीं येतो. मुहूर्त सरला, बाजार सुरू झाला! अकोला-अमरावतीचा प्रत्येक अडत्या हें जाणतो. तरीही विशिष्ट तिथीच्या व आकड्याच्या अंगीं कांहीं निराळी शक्ति असते, ही समजूत त्याच्याच दुकानांत सर्वांत बळकट आढळते. आहेर शंभराचा न देतां एकशेंएकाचा द्यावयाचा, आणि नव्या मोटारीस मनाजोगा क्रमांक मिळावा म्हणून प्रसंगीं लाखों रुपये मोजावयाचे! या समजुतीचें मूळ कशांत आहे व तिची किंमत कोण भरतो, याचा आज थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ पाहूं गेल्यास तें मूर्खपणांत नाहीं. आकाश पाहून दिवस मोजणें हा आपल्या पूर्वजांच्या बुद्धीचा पराक्रम होय. जूनच्या ७-८ तारखेस मृग नक्षत्र लागतें व त्या सुमारास पाऊस येतो, हें शेतकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या अनुभविलें आहे. घोटाळा होतो तो यांतील ‘सुमारास’ हा शब्द गळून पडतो तेव्हां. विदर्भांत मोसमी पाऊस पुष्कळदां जूनच्या मध्यास येतो; मृगाच्या पहिल्या सरीवर विसंबून पेरणाऱ्याचें बियाणें मातींत जळतें आणि दुबार पेरणीसाठीं त्यास सावकाराचें दार गाठावें लागतें. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत तर विहिरीचें पाणीही खारें. चूक सावरावयास आधार नाहीं. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याखेरीज पेरूं नये, असें कृषितज्ज्ञ दरवर्षीं कंठरवानें सांगत असतात. हाही आकडाच; पण तो मातीच्या ओलीवरून काढलेला आहे, म्हणून विश्वासास पात्र आहे.

बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते. मध्यें घागर, तिच्याखालीं पावसाच्या चार महिन्यांचीं चार ढेकळें, सभोंवार अठरा धान्यें. आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पीक, पाऊस व राज्यकारभार यांचें भाकीत. हजारों शेतकरी तें ऐकावयास जातात. त्यांची थट्टा करणें आमच्या मनांत नाहीं. ज्याचें सारें वर्ष आभाळावर टांगलेलें आहे, तो कोठें तरी खूण शोधणारच. परंतु ‘कोठें कमी, कोठें जास्त’ असें मोघम भाकीत कोणत्या वर्षीं खोटें ठरेल? जें जुळलें तें स्मरणांत राहतें, जें चुकलें तें विसरलें जातें. मानवी मनाची ही खोडच आहे, आणि शुभाशुभ आकड्यांचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे.

याच खोडीवर कित्येकांनीं वाडे बांधिले. मटक्याचा जन्म कापसांतूनच झाला, हें किती कापूसव्यापाऱ्यांस ठाऊक आहे? न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते व मिटते भाव तारेनें मुंबईस येत व त्यांवर पैजा लागत. १९६० नंतर ते भाव येणें बंद झालें, तेव्हां मडक्यांतील चिठ्ठ्यांतून आकडे निघूं लागले. कापूस गेला, आकडा उरला! मग मजुरानें स्वप्नांत साप पाहिला तरी त्याचा आकडा, कोणा बोवानें बोट दाखविलें तरी त्याचा आकडा. दहांपैकीं एक आकडा लागतो, त्याची कथा चौकांत होते. उरलेल्या नवांची कथा त्यांच्या घरांतील रिकामी चूल सांगते.

याहून भयंकर किंमत मुली भरतात. अक्षय्य तृतीया साडेतीन मुहूर्तांपैकीं एक. त्या दिवशीं पंचांग पहावें लागत नाहीं, म्हणून कांहीं ठिकाणीं वधूचें वयही पाहिलें जात नाहीं. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीस १४ वर्षांची मर्यादा घातली. १९७८ सालीं ती १८ झाली. २००६ च्या कायद्यान्वयें बालविवाह लावणाऱ्यासही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊं शकतो. आम्ही वकिलीच्या अनुभवानें सांगतों, न्यायालयांत शुभ मुहूर्ताचा बचाव चालत नाहीं.

मग दिवसांस कांहींच अर्थ नाहीं काय? अवश्य आहे. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस ज्योतिष्यांनीं अशुभ ठरविला होता. माउंटबॅटनसाहेबांनीं तो निवडला, तो जपानच्या शरणागतीचा वाढदिवस म्हणून. आम्हांस तो पूज्य झाला तो ग्रहांमुळें नव्हे, साहेबांमुळेंही नव्हे, तर ज्यांनीं तुरुंग भोगले त्यांच्यामुळें. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ गाडगेबाबांनीं देह ठेविला. त्या तारखेस कोणतें नक्षत्र होतें हें कोणी विचारीत नाहीं. ती तारीख हातांत खराटा घ्यावयास सांगते, एवढें पुरे आहे.

स्मृतीचा दिवस आपणांकडून कांहीं मागतो. शुभ दिवस कांहीं न करतां देण्याचें वचन देतो. ओळखण्याची खूण एवढीच. आमच्या व्यापारीबंधूंस आमची विनंति इतकीच कीं, मुहूर्ताच्या दिवशीं जो भाव आपण हौसेनें देतां, तो शक्य तितका दुसऱ्या दिवशींही द्यावा. शेतकऱ्याच्या लेखीं तोच दिवस शुभ होय.