सत्तेवाचून सेवा : नाना शंकरशेट यांचे चरित्र

व्यापारी मनुष्य राज्याचा कारभारी होऊ शकतो काय, असा प्रश्न कोणी केला तर अमेरिकेचा इतिहास त्याला 'होय' असे उत्तर देतो. बोस्टन शहरातील जॉन हॅनकॉक हा चुलत्याकडून वारशाने आलेली पेढी चालविणारा व्यापारी. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याने पहिली सही केली, आणि १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचा तो पहिला गव्हर्नर झाला. त्याच्या देशाने त्याला सत्ता दिली व त्याने ती चालविली.

परंतु ज्या देशात परक्यांचे राज्य आहे, तेथील व्यापाऱ्याने काय करावे? गव्हर्नरची खुर्ची तर त्याला स्वप्नातही मिळावयाची नाही. मग त्याने आपली तिजोरी सांभाळून स्वस्थ बसावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच भाषेतील एका थोर पुरुषाने स्वतःच्या आयुष्याने दिले आहे. ते म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, अर्थात सर्व मुंबईचे 'नाना'. त्यांची ओळख आम्ही आज वाचकांस करून देत आहोत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे. वडील शंकरशेट हे मुंबईतील नामांकित सराफ व व्यापारी होते. १८२२ मध्ये ते निवर्तले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या कोवळ्या वयात हाती अलोट संपत्ती आली म्हणजे बहुतेक तरुणांचा पाय घसरतो. नानांचा घसरला नाही. उलट त्यांची पत इतकी वाढली की, अरब व अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकेत ठेवण्याऐवजी नानांच्या हवाली करून निर्धास्त होत. विश्वास हेच त्यांचे खरे भांडवल होते, आणि पुढे लोककार्यात त्यांनी तेच भांडवल घातले.

त्याच १८२२ साली मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी एक मंडळी स्थापन झाली. शाळा काढाव्या आणि शाळांसाठी पुस्तके तयार करावी, हा तिचा उद्देश. तिच्या आरंभीच्या आधारस्तंभांत नाना होते. १८२७ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्वदेशी निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. त्या निधीतून शिक्षणसंस्था उभी राहिली, आणि तिचेच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज झाले.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती आपणां पांढुर्णा-सौंसरकडील लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी. १८४० मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणमंडळ नेमले गेले, आणि नाना त्याचे सभासद झाले. मंडळाचे अध्यक्ष न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांचे मत असे पडले की, पैसा थोडा आहे, तेव्हा वरच्या वर्गातील मोजक्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे. त्यांच्याकडून ज्ञान हळूहळू खाली झिरपत जाईल. नानांनी ह्याला स्पष्ट विरोध केला. ते इंग्रजीचे वैरी नव्हते. स्वतः उत्तम इंग्रजी जाणत होते आणि इंग्रजी शाळांना त्यांनी सढळ हाताने साहाय्यही केले होते. परंतु शेतकऱ्याच्या व कारागिराच्या मुलापर्यंत विद्या पोहोचवावयाची असेल, तर ती त्याच्या आईच्या भाषेतूनच पोहोचेल, असे त्यांनी १८४७ च्या सुमारास मंडळापुढे निर्भयपणे मांडले. फ्रामजी कावसजी हे पारशी गृहस्थ, महंमद इब्राहीम मकबा हे मुसलमान गृहस्थ आणि कर्नल जर्व्हिस हे इंग्रज अधिकारी, असे तिघे त्यांच्या बाजूने उभे राहिले. धर्म निरनिराळे, पण गरिबाच्या मुलाविषयीची कळकळ एकच! पुढे १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यात सरकारनेही सामान्य जनतेसाठी देशी भाषांतील शिक्षणाची आवश्यकता मान्य केली.

मुलींच्या शिक्षणाची कथा तर याहून धैर्याची आहे. एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी स्थापिलेल्या सभेने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढावयाचे ठरविले. मुलगी शिकली तर घर बुडेल, असे समजणारा तो काळ. अशा शाळेला जागा कोण देणार? नानांनी आपल्या गिरगावातील वाड्यातच जागा दिली. देणगी देऊन दूर राहणे सोपे असते. आपल्याच अंगणात शाळा भरविली म्हणजे लोकांची टीकाही आपल्याच दारी येते. नाना स्वतः आचारविचारांचे धर्मनिष्ठ हिंदू होते. तरीही ह्या कामी ते मागे सरले नाहीत.

आपल्या तिगावच्या स्टेशनावरून ज्या गाड्या जातात, त्यांच्या इतिहासाशीही नानांचा संबंध आहे. हिंदुस्थानात आगगाडी यावी म्हणून १८४५ मध्ये मुंबईत जी मंडळी निघाली, तिच्यात सर जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर नाना अग्रभागी होते. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी झाली, तेव्हा नाना तिचे एक संचालक झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. चौदा डबे, चारशे पाहुणे आणि सुमारे ३४ किलोमीटरांचा तो प्रवास. आपल्याकडील नागपूर-इटारसी मार्ग विसाव्या शतकात याच कंपनीने बांधला.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी 'बॉम्बे असोसिएशन' स्थापन झाली आणि नाना तिचे अध्यक्ष झाले. राज्यकारभारात येथील लोकांना स्थान असावे, असा अर्ज तिने थेट विलायतेच्या पार्लमेंटकडे पाठविला. १८५७ च्या धामधुमीत नानांवर सरकारचा संशयही आला. परंतु चौकशीअंती ते निर्दोष ठरले. अखेर १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय एकोणसाठ वर्षांचे होते, आणि आयुष्याची तीनच वर्षे उरली होती. म्हणजे शाळा, आगगाडी, लोकांची गाऱ्हाणी हे सारे कार्य त्यांनी खुर्ची मिळण्यापूर्वीच केलेले होते.

३१ जुलै १८६५ रोजी नाना दिवंगत झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. ते युद्ध संपताच त्याच जुलै महिन्यात मुंबईत शेअरांचा बाजार कोसळून कित्येक धनाढ्य रस्त्यावर आले. त्या पैशाची आज आठवणही नाही. नानांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मात्र पिढ्यान्‌पिढ्या हुशार मुलांना मिळत आली. १९१२ मध्ये ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

आमची विनंती एवढीच की, हे चरित्र वाचून बाजूस ठेवू नये. नानांइतके धन आपणांपैकी कोणापाशी नाही. पण आपल्या ओसरीवर संध्याकाळी चार मुलांना एकत्र बसवून मराठी वाचावयास शिकविण्यास किती धन लागते? येथे घरात मराठी आणि शाळेत हिंदी, अशी स्थिती आहे. हिंदी मुलांनी अवश्य उत्तम शिकावी, इंग्रजीही शिकावी. परंतु आजीने सांगितलेली गोष्ट वाचता व लिहिता आली नाही, तर एक मोठा ठेवा दोन पिढ्यांत हातचा जाईल. तसेच, घरात पैशाची ओढाताण झाली म्हणजे आधी मुलीचीच शाळा का सुटावी, याचा प्रत्येक आईबापाने विचार करावा. सरपंच होईपर्यंत, पंच होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. नाना थांबले नाहीत.