छोटा अ‍ॅम्प्लिफायर : कपॅसिटर आणि रेझिस्टर कसे निवडावेत?

कापडाच्या धंद्यात आम्ही सुताचा नंबर पाहिल्याशिवाय ठाण उचलत नाही. अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या कारागीर बंधूंनीही सुट्या भागांवरचे आकडे तसेच वाचावेत. चार-आठ आण्यांच्या बचतीपायी गिऱ्हाईक परत येते ते तक्रार घेऊन.

उदाहरण एल. एम. 386 या आय.सी.चे घेऊ. तिचा पहिला आणि आठवा पाय मोकळा ठेवला तर आवाजाचा संकेत 20 पट वाढतो. त्या दोन पायांत 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला तर 200 पट. मोबाइल किंवा रेडिओ जोडायचा असेल तर 20 पट पुरते. उगाच वाढवले की खरखरही वाढते.

पुरवठ्याचा कपॅसिटर : 12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला 16 व्होल्टचा कपॅसिटर पुरेल, ही समजूत चुकीची आहे. डायोडनंतर व्होल्टेज 15 ते 16 होते आणि भार नसताना त्याच्याही वर जाते. म्हणून 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा घ्यावा; 35 व्होल्टचा मिळाल्यास उत्तम. त्यापुढे 7809 रेग्युलेटर लावून आय.सी.ला 9 व्होल्टच द्यावेत. धन-ऋण खूण पाहूनच जोडावे. उलटा जोडला तर कपॅसिटर फुटतो.

स्पीकरचा कपॅसिटर : 8 ओहमच्या स्पीकरला 220 मायक्रोफॅरड लावला तर सुमारे 90 हर्ट्झच्या खालचा आवाज कमी होतो. तीन-चार इंची स्पीकर त्याखाली फारसा वाजतच नाही, तेव्हा मोठ्या कपॅसिटरचा खर्च नको. स्पीकर मोठा असेल तर 470 घ्यावा.

त्याच जागेवरून जमिनीकडे 10 ओहमचा रेझिस्टर आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडतात. ही जोडी कधीही गाळू नये. ती नसेल तर आय.सी. आपोआप थरथरू लागते आणि तापते.

रेझिस्टर : येथे पाव वॅटचे पुरतात. तपकिरी-काळा-काळा-सोनेरी पट्टे म्हणजे 10 ओहम, पाच टक्के फरकाचा. आवाज आत येतो त्या बाजूला मात्र मेटल फिल्मचा घ्यावा. त्याची खरखर कमी असते.

उष्णता : कपॅसिटरवर 85 किंवा 105 अंश लिहिलेले असते. दर 10 अंश उष्णतेमागे त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. गरम भागाजवळ 105 चाच बसवावा.

शेवटची गोष्ट आपल्या कुरुंदवाडकरांसाठी. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेचे पाणी घराघरांत, दुकानांत शिरले. पाण्यात राहिलेला कपॅसिटर वरून ठीक दिसला तरी पायांना गंज चढलेला असतो. तो बदलावाच. जुन्या पाटीवरून काढलेला भाग नवा म्हणून लावणे म्हणजे मापात कमी देण्यासारखेच आहे. जुना लावायचा तर गिऱ्हाइकाला सांगून लावावा आणि दामही तसाच घ्यावा. अशा कमाईत बरकत राहील, इन्शाअल्लाह.