हिस्से-बोराळ्याच्या दगडापासून टिकालपर्यंत

वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा गावात सापडलेला एक शिलालेख इतिहासाच्या अभ्यासकांना चांगला ठाऊक आहे. वाशीम म्हणजे तेव्हाचं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतला देवसेन राज्य करत असताना त्याच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचा तलाव बांधवला, ही हकिकत त्या दगडावर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहे. वाकाटकांच्या इतर लेखांत राजाच्या कारकिर्दीचं वर्ष तेवढं मिळतं. इथे मात्र शक 380 असं स्वच्छ साल आहे, म्हणजे इ.स. 458-59. याच देवसेनाचा मुलगा हरिषेण, आणि हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवलं.

त्याच 458 साली, पृथ्वीच्या पार पलीकडे, आजच्या ग्वाटेमालातल्या जंगलात टिकाल या माया शहराच्या गादीवर कान चिताम नावाचा राजा बसला. हेही कळतं ते कोरीव लेखांवरूनच. माया लोक उभ्या शिळांवर राजाचं नाव, प्रसंग आणि तारीख कोरून ठेवत. देवसेन आणि कान चिताम यांना एकमेकांचा पत्ता असणं शक्यच नव्हतं, पण आपल्या कामाचं साल दगडावर राहावं ही ओढ दोन्हीकडे सारखी होती.

मुलांना माया संस्कृती सांगायची तर इथून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक पुस्तकं पिरॅमिडच्या चित्रापासून सुरू होतात. मूल चित्र बघतं, ‘भारी आहे’ म्हणतं आणि पान उलटतं. सहावीच्या इतिहासात वाकाटकांचं नाव येऊन जातं, तेही असंच उडत उडत. आपल्या गावाच्या सालाला धरून दूरचं साल सांगितलं, तर दोन्ही गोष्टी एकदम पक्क्या बसतात.

पुढचा धडा अंकांचा, आणि तो हातांनी शिकवायचा. मूठभर चिंचोके, काही काड्या आणि थोडे शिंपले एवढं पुरे. चिंचोका म्हणजे एक, काडी म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. माया लिपीत अंक असेच आहेत: ठिपका, आडवी रेघ आणि शिंपल्याची आकृती. तीन काड्यांवर चार चिंचोके मांडले की एकोणीस झाले. विसाला मात्र घर बदलतं. आपण दहाच्या पटीने डावीकडे सरकतो, माया विसाच्या पटीने वर चढत. खालचं घर एककाचं, त्यावरचं विसाचं, त्याच्यावरचं चारशेचं. आता मुलांना शक 380 मांडायला सांगा. वरच्या घरात एकोणीस, खाली नुसता शिंपला: एकोणीस विसा तीनशे ऐंशी. मग 458 मांडू द्या. सर्वांत वर एक चिंचोका, मध्ये दोन, खाली तीन काड्या आणि तीन चिंचोके. चारशे, चाळीस आणि अठरा. घरात जुनी माणसं असतील तर त्यांनाही या खेळात ओढा. ‘पाच विसा शंभर’ हा हिशेब आपल्याकडच्या बायाबापड्या कालपरवापर्यंत करत होत्या.

शून्याबद्दल एक सांगायला हवं. भारतातलं शून्य अरबांमार्फत युरोपात गेलं आणि आज जग त्यावर चालतं, याचा अभिमान रास्तच आहे. पण माया लोकांनी शून्य स्वतंत्रपणे शोधलं होतं. हे मुलाला सांगितल्याने आपलं काही उणं होत नाही. माणसाची बुद्धी किती ठिकाणी एकाच उत्तराला पोचते, हे त्याला कळतं.

याच अंकांवर त्यांची दिनदर्शिका उभी होती. एक चक्र 260 दिवसांचं, वीस दिवसनामं आणि तेरा आकडे यांच्या जोडीतून झालेलं. दुसरं 365 दिवसांचं, म्हणजे वीस-वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर पाच दिवस. दोन्ही चक्रं एकाच दिवशी सुरू केली तर पुन्हा एकत्र कधी सुरू होतील? वर्गात लसावि काढायला लावा. उत्तर येतं 18,980 दिवस, बरोबर 52 वर्षं. कोरड्या उदाहरणांपेक्षा हा लसावि मुलांच्या अधिक लक्षात राहील, याची मला खात्री वाटते.

लिपीच्या बाबतीत मराठी मूल इंग्रजी मुलाच्या एक पाऊल पुढेच असतं. माया लिपीत काही चिन्हं अख्ख्या शब्दाची, तर काही अक्षरांची, व्यंजनात स्वर मिसळलेली. बाराखडी घोकलेल्या मुलाला यात नवल वाटायचं कारण नाही. जग्वार या बिबट्यासारख्या प्राण्याला माया भाषेत ‘बालाम’ म्हणतात. लिहिताना त्याचं डोकं काढा, नाही तर बा-ला-मा अशी तीन अक्षरं जोडा. शेवटचा स्वर उच्चारायचा नाही. आपण ‘कमळ’ लिहितो आणि शेवटचा ‘अ’ गिळतो, तसंच. ही अक्षरांची किल्ली 1952 मध्ये युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने दाखवली. पुढे डेव्हिड स्टुअर्ट या अमेरिकन मुलाने बाराव्या वर्षी अभ्यासकांच्या परिषदेत या लिपीवर निबंध वाचला, आणि अठराव्या वर्षी, 1984 मध्ये, त्याला मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

पाण्याची गोष्ट तर वाशीमकरांना सांगावीच लागत नाही. हा माथ्यावरचा जिल्हा. काटेपूर्णेचं पाणी पूर्णेला मिळून पश्चिमेच्या समुद्राला जातं, पैनगंगेचं गोदावरीमार्गे पूर्वेच्या. पडेल तो पाऊस अडवला तरच तो आपला, म्हणून स्वामिल्लदेवाने तलाव बांधवला. टिकालला नदी नाही. तिथल्या लोकांनी फरसबंद चौकांना उतार देऊन पावसाचं पाणी मोठमोठ्या तलावांत आणलं. त्यातल्या एका तलावात गाळणीसाठी वापरलेली बारीक वाळू आणि झिओलाइट हे खनिज सापडल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. नवव्या शतकाच्या सुमारास अवर्षणं वारंवार पडली, लढायाही वाढल्या, आणि दक्षिणेकडची मोठी शहरं एकामागून एक ओस पडली. उत्तरेच्या युकातानात लोक खोल नैसर्गिक विहिरींवर जगले. त्यांतल्या बऱ्याच विहिरी एका मोठ्या अर्धवर्तुळात आहेत, कारण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तिथे आदळलेल्या अशनीच्या विवराची ती कड आहे. लोणारची सहल केलेल्या मुलांना विवर म्हणजे काय हे समजवावं लागणार नाही. लोणारचं विवर जेमतेम पावणेदोन किलोमीटरचं, तर ते सुमारे 180 किलोमीटरचं.

शेतकऱ्याच्या पोराला माया लोकांचं आंतरपीकही आवडेल. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं ओल धरून ठेवतात. सोयाबीनमधलं तुरीचं तास पाहणाऱ्याला यातली युक्ती लगेच कळते.

माया लोकांत नरबळी होते, तेही लपवू नये. मोठ्या मुलांना सरळ सांगावं, फक्त तेवढंच सांगू नये. 21 डिसेंबर 2012 ला जग बुडणार ही आवई होती. त्या दिवशी त्यांच्या दीर्घ गणनेचं, म्हणजे दिवस सलग मोजत जाण्याच्या पद्धतीचं, एक चक्र पुरं झालं, इतकंच. ही गणना इ.स.पू. 3114 पासून धरतात आणि आपलं कलियुग 3102 पासून, हा निव्वळ योगायोग. मयसभा बांधणाऱ्या मयासुराने तिकडे जाऊन ही शहरं वसवली, असा मजकूर मोबाइलवर फिरतो. त्याला कसलाही पुरावा नाही, आणि शिक्षकांनी तो वर्गात आणू नये.

‘लुप्त झालेली संस्कृती’ हे शब्दही टाळावेत. शहरं ओस पडली, माणसं राहिली. ग्वाटेमाला, मेक्सिको, बेलीझ या देशांत आज लाखो माया लोक शेती करतात, शाळेत जातात आणि तीसच्या आसपास माया भाषा बोलतात. 1992 चं शांततेचं नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या रिगोबेर्ता मेंचू याच माया लोकांपैकी आहेत, आणि ग्वाटेमालाच्या डोंगराळ गावांत 260 दिवसांचं ते चक्र अजूनही मोजलं जातं.