आज्ञावलीचे भाषांतर

पांढुर्णा-सौंसरच्या विद्यार्थ्याला भाषांतराची अडचण निराळी समजावून सांगावी लागत नाही. 1956 साली नागपूर-विदर्भ वेगळा झाला, आपण मध्य प्रदेशातच राहिलो. तेव्हापासून घरी मराठी आणि कचेरीत हिंदी हा आपला नित्याचा व्यवहार आहे. अनोळखी शब्द आला की आपण थांबतो, कुणाला तरी विचारतो. फसगत होते ती ओळखीच्या शब्दावर. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. अक्षरे तीच, अर्थ भलताच. संगणकाची आज्ञावली एका भाषेतून दुसरीत नेताना नेमके हेच संकट उभे राहते.

आपल्याकडचा एक जुना दाखला मुंबईचा आहे. 1974 च्या सुमारास टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने अमेरिकेतील बरोज कंपनीसाठी रुग्णालयांच्या कामकाजाच्या आज्ञावलीचे रूपांतर केले. ती बरोजच्या मध्यम संगणकांवरील कोबॉलमध्ये होती. हवी होती लहान संगणकांवरील कोबॉलमध्ये. दोन्हींचे नाव कोबॉलच! पुण्याची मराठी आणि आपली मराठी, दोहोंना मराठीच म्हणतात, तसेच काहीसे. शिवाय हे काम झाले ते आयसीएल 1903 या भलत्याच कंपनीच्या संगणकावर.

असे रूपांतर पुष्कळ अंशी यंत्राकडून करवून घेता येते. मूळ आज्ञावलीतील प्रत्येक वाक्याचे व्याकरण प्रथम उलगडावयाचे, कोणती क्रिया कोणत्या राशीवर होते हे निश्चित करावयाचे आणि मग तोच आशय नव्या भाषेच्या वाक्यरचनेत मांडावयाचा. येथवर फारसे बिकट काही नाही.

परंतु एक साधा भागाकार पाहा. उणे 7 ला 2 ने भागून पूर्णांक उत्तर मागितले, तर सी भाषा अपूर्णांक टाकून उणे 3 देते. पायथनचा पूर्णांक-भागाकार खालच्या संख्येकडे जातो व उणे 4 देतो. दोन्ही उत्तरे आपापल्या भाषेच्या नियमाने बरोबर आहेत, म्हणून संगणक तक्रार करीत नाही. तसेच मोजणीचे. फोरट्रानमध्ये यादीतील पहिली जागा सामान्यतः 1 क्रमांकाची, सी भाषेत शून्याची. हे ध्यानी न घेता केलेल्या रूपांतरात पहिल्याची रक्कम दुसऱ्याच्या नावे पडावयाची.

पैशांचा हिशेब तर अधिकच नाजूक. कोबॉल रुपये-पैसे दशमान अंकांत ठेवू शकते. नव्या भाषेत त्यासाठी द्विमान अपूर्णांक वापरले, तर 0.1 ही संख्या त्यांत तंतोतंत मावतच नाही. ती दहा वेळा मिळविली असता बेरीज 1 च्या किंचित आत राहते. म्हणून जावामध्ये हिशेबासाठी दशमान संख्यांचा निराळा प्रकार वापरतात.

या साऱ्याची परीक्षा एकाच रीतीने होते: जुनी व नवी आज्ञावली त्याच माहितीवर चालवून उत्तरे शेजारी शेजारी ठेवावयाची. लिहिणारे बहुधा निवृत्त झालेले असतात. जुनी उत्तरे हीच साक्ष. समजा, पगारपत्रकात एका पैशाचा फरक आला. शोध घेता कळते की मूळ आज्ञावलीत ‘राउंडेड’ हा शब्द लिहिलेला नाही, आणि तो नसला की कोबॉल जादा दशांश सरळ छाटून टाकते. आपल्या मते पूर्णांकन करणे अधिक योग्य असेल. तरीही रूपांतर करणाऱ्याने छाटलेच पाहिजे. पगाराचा नियम बदलण्याचा अधिकार कार्यालयाचा आहे, भाषांतरकाराचा नव्हे.