मधमाशीचे राज्य

अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या झेंड्यावर, राजमुद्रेवर, अगदी महामार्गांच्या पाट्यांवरही एकच आकृती दिसते: पेंढ्याच्या वळ्या रचून केलेले मधमाश्यांचे घुमटाकार घर. राज्याचे बोधवाक्य एका शब्दाचे आहे, ‘उद्योग’.

जुलै १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली मॉर्मन पंथाचे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले, तेव्हा ही जमीन मेक्सिकोची होती. पूर्वेकडच्या छळाला कंटाळून ते मुद्दाम अमेरिकेबाहेर आले होते. पण पुढच्याच वर्षी तहात हा मुलूख अमेरिकेला मिळाला आणि मागे सोडलेला देश दाराशी येऊन उभा राहिला. १८४९ मध्ये त्यांनी राज्याचा प्रस्ताव मांडला. नाव सुचवले ‘डेझरेट’, त्यांच्या धर्मग्रंथातला मधमाशीसाठीचा शब्द. काँग्रेसने ते नाव नाकारून इथल्या यूट आदिवासींचे नाव दिले. त्या आदिवासींची जमीन पुढे हातची गेली, नाव मात्र नकाशावर राहिले.

राज्याचा दर्जा मिळायला १८९६ उजाडले. अडले होते मुख्यतः मॉर्मनांच्या बहुपत्नीत्वावरून. १८५७ मध्ये वॉशिंग्टनने इकडे फौजच पाठवली, मग एकामागून एक कडक कायदे केले. १८७० मध्ये इथल्या स्त्रियांना मिळालेला मताचा हक्कही १८८७ च्या कायद्याने गेला. अखेर १८९० मध्ये पंथप्रमुख विल्फर्ड वुडरफने नवे बहुपत्नी विवाह थांबवण्याचे जाहीर केले. ४ जानेवारी १८९६ रोजी यूटा पंचेचाळिसावे राज्य झाले आणि नव्या राज्यघटनेने स्त्रियांना मत परत दिले. या सगळ्या भांडणाची खूण राजचिन्हांत शोधून सापडत नाही. माशी मात्र आहे.

कुरवही आहे. समुद्र शेकडो मैल दूर, तरी राज्यपक्षी म्हणजे कॅलिफोर्निया गल! १८४८ मध्ये उभ्या पिकावर बिनपंखी, जाडजूड किड्यांची धाड आली आणि खाऱ्या सरोवरावरच्या कुरवांनी थव्यांनी येऊन ते फस्त केले, अशी कथा इथे श्रद्धेने सांगतात. सॉल्ट लेक सिटीत १९१३ पासून या पक्ष्यांचे स्मारक आहे. शिल्पकार महोनरी यंग हा ब्रिगहॅमचा नातू. १८४८ मध्ये गारठ्यानेही पिके मारली होती, पण गारठ्याचे स्मारक कोण उभारणार? मला त्यापेक्षा राज्यफूल अधिक प्रामाणिक वाटते. सेगो लिलीचे कंद आदिवासी खात आले होते. उपासमारीत वसाहतवाल्यांनीही तेच खणून पोट भरले.

पुढची यादी हौसेची आहे. २००१ मध्ये जेली हा राज्याचा लाडका खाऊ ठरला. २०११ मध्ये ब्राउनिंगचे पिस्तूल राज्यशस्त्र झाले, कारण जॉन ब्राउनिंग ऑग्डेनचा. २०१४ मध्ये स्प्रूस जाऊन अॅस्पेन राज्यवृक्ष झाला. हा बदल पटण्यासारखा आहे: इथल्या ‘पांडो’ नावाच्या राईत सुमारे १०६ एकरांवर ४७ हजारांच्या आसपास खोडे उभी आहेत, आणि ती सारी एकाच मुळावरची, म्हणजे एकच झाड.

मार्च २०२४ मध्ये झेंडा बदलला. निळ्या कापडावर राजमुद्रा असलेला जुना झेंडा दुरून इतर डझनभर राज्यांसारखाच दिसे. नव्यावर बर्फाचे डोंगर, लाल खडक आणि मधोमध पिवळे पोळे. विरोधकांनी सार्वमतासाठी सह्या गोळा केल्या, त्या पुरल्या नाहीत. जुना झेंडा ‘ऐतिहासिक’ म्हणून ठेवला आहे, म्हणजे भांडण मिटले असे नव्हे.

२०२३ मध्ये शाळकरी मुलांच्या आग्रहावरून खाऱ्या सरोवरातली नखाएवढी कोळंबी, ब्राइन श्रिंप, राज्याचा कवचधारी प्राणी ठरली. तिची अंडी जगभरच्या कोळंबी-संवर्धनात खाद्य म्हणून जातात, आणि लाखो पक्षी तिच्यावर जगतात. ठरावाच्या काही महिने आधीच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, सरोवराच्या पाण्याने नोंदीतला नीचांक गाठला होता. सरोवराकडे येणाऱ्या नद्यांतले सर्वाधिक पाणी शेती उचलते, त्यातही गुरांच्या चाऱ्याची शेती. पाट काढण्याचे हे काम १८४७ मध्ये वसाहतवाल्यांची पहिली तुकडी खोऱ्यात उतरली तेव्हाच सुरू झाले होते: ओढा अडवून त्यांनी बटाटे लावले होते.