पुराखाली जाणारी वाट

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की चांदोरीला उजवीकडे वळायचे आणि गोदावरीचा पूल ओलांडायचा. पलीकडे सायखेडा. गंगापूर आणि दारणा, दोन्ही धरणांचे पाणी या पुलाखालून जाते. विसर्ग वाढला की पाणवेलींचे ढिगारे पुलाला अडकतात आणि ते काढायला जेसीबी बोलवावा लागतो. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये तर पुराने दोन्ही गावांत मुक्कामच ठोकला होता. अशा काठावर फरशी घालून विहारपथ बांधणे म्हणजे पैसे नदीत सोडणे. नाशिक शहराने गोदापार्कच्या रूपाने तो अनुभव घेतला आहे. २०१६च्या पुराने तिथले बरेचसे बांधकाम उखडून टाकले.

सायखेड्याहून पुढे, मांजरगाववरून चापडगावला गेले की काठाची वेगळीच वाट भेटते. मातीची, बाभळींच्या सावलीतली, मधूनमधून निरीक्षण मनोरे असलेली. ही वाट नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याची. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यातून निघालेले कालवे कोपरगाव-राहात्याचा ऊस पिकवू लागले आणि मागे साचत गेलेल्या गाळात बेटे व दलदल तयार झाली. कालव्यांसाठी केलेल्या कामाचा खरा लाभ पक्ष्यांनी उचलला, असे म्हणायला हरकत नाही. १९८६मध्ये अभयारण्य जाहीर झाले. २०२०मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

हिवाळ्यात सकाळी इथे शाळेची सहल आली, की बघण्यासारखे असते. गावातलाच तरुण गाइड दुर्बिणीचे तिपाई स्टँड पोरांच्या उंचीला आणतो. आधी काळे वारकरी दिसतात, मग थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. जांभळी पाणकोंबडी लांबलचक बोटे पसरून पाणवनस्पतींवर चालते, तेव्हा रांग मोडते. ज्या गाळाकडे घरचे लोक कटकट म्हणून बघतात, तिथे परदेशातून पाहुणे येतात, हे त्या पोरांना इथे कळते.

गावाला काय मिळते? गाइडला हंगामी रोजगार, एखाद्या घराला जेवणाच्या ऑर्डरी, चहाच्या टपरीला गिऱ्हाईक. आकडा मोठा नसेल, पण पैसा गावातच राहतो. अभयारण्याच्या शंभर चौरस किलोमीटरच्या हद्दीत लोकांची शेतीही येते. वनखात्याचे निर्बंध सोसणाऱ्यांना एवढा तरी परतावा हवाच. वाटेच्या डागडुजीला लागतो तो मुरूम आणि फावडी. पुराखाली गेली तरी पाणी ओसरल्यावर ती पुन्हा चालती होते.

सायकलवाल्यांची गोष्ट मात्र अवघड आहे. नाशिक हे सायकलवेड्यांचे शहर, २०१५मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली, ती इथूनच जाऊन. पण सायखेडा-चापडगाव रस्त्यावर पक्ष्यांचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकाच वेळी येतात. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोरून आला की सायकल थेट साइडपट्टीच्या खड्ड्यात. पहाटे अंधारात निघावे, तर गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो. हा विनोद नाही.

रस्त्याच्या कडेने मुरमाची सलग पट्टी दाबून घेतली तरी पुष्कळ काम होईल. पक्षी बघणारे तिच्यावरून हिवाळ्यापुरते जातील. शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलामुलींना ती जूनपासूनच लागेल.