चाळीस हजारांमागे एक खाट

स्वातंत्र्याच्या तोंडावर देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडण्यासाठी सर जोसेफ भोर यांची समिती नेमली गेली. 1946 मध्ये तिचा अहवाल आला. त्यासाठी मनोरुग्णालयांची पाहणी केली होती रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी. सगळ्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. चाळीस हजार माणसांमागे एक. इंग्लंडात त्याच सुमारास हे प्रमाण तीनशेंमागे एक होते.

हा आकडा लाजिरवाणा होता, पण पुढची सगळी दिशा त्यानेच ठरवली असे मला वाटते. इटलीने 1978 मध्ये कायदा करून मनोरुग्णालये बंद करायला घेतली, तेव्हा तिथला प्रश्न होता की आतली माणसे बाहेर कशी आणायची. आपल्याकडे माणसे आत गेलीच नव्हती. ती माजघरात, गोठ्यात, दर्ग्याच्या ओट्यावर, फलाटावर होती. त्यांना सांभाळत होती आई, नाही तर बायको. भारतातले सर्वांत मोठे मनोरुग्णालय म्हणजे घर, आणि तिथल्या परिचारिकेला ना पगार, ना सुट्टी.

इंग्रजांनी जे उभारले ते उपचारांपेक्षा बंदोबस्तासाठी. 1858 च्या कायद्यानंतर प्रांतोप्रांती ही इस्पितळे निघाली. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही आपली चार मोठी सरकारी मनोरुग्णालये त्याच राजवटीतली. त्यांची नावे बोलीभाषेत टोमणा म्हणून रुजली. मुंबईकर वैतागला की समोरच्याला ठाण्याला धाडतो, पुणेकर येरवड्याला. 1912 च्या कायद्याने दाखल करून घेण्याचा निर्णय बव्हंशी मॅजिस्ट्रेटच्या हुकमावर सोपवला. हा कायदा स्वतंत्र भारताने कधीपर्यंत चालवावा? 1993 पर्यंत. नवा कायदा 1987 मध्ये संसदेने मंजूर केला आणि त्याच्या अंमलबजावणीला आणखी सहा वर्षे लागली.

भिंतीबाहेरचा एक रस्ता मात्र आधीच उघडला होता. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी 1933 मध्ये सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी सुरू केली, तर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी 1938 मध्ये. खोकल्याच्या आणि तापाच्या रांगेशेजारी ही रांग लागली, एवढाच फरक. पण केसपेपर काढून संध्याकाळी घरी परतता येते हे लोकांना कळले.

खरी कलाटणी मिळाली अमृतसरला. फाळणीने जमीन, फौजा, कचेऱ्यांतल्या खुर्च्यासुद्धा वाटून घेतल्या. मनोरुग्णांची वाटणी राहिली होती. 1950 मध्ये लाहोरच्या इस्पितळातले सुमारे साडेचारशे हिंदू-शीख रुग्ण सीमेपलीकडून इकडे आणले गेले. मंटोची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा याच अदलाबदलीवर आहे. कथा वाचलेले पुष्कळ भेटतात. अमृतसरच्या इस्पितळात पुढे काय झाले हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

तिथे अधीक्षक होते डॉ. विद्यासागर. खाटा अपुऱ्या, कर्मचारी त्याहून अपुरे. त्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर घरच्यांनाही राहायला बोलावले. नातेवाईक स्वयंपाक करत, रुग्णाला न्हाऊ-खाऊ घालत. विद्यासागर त्यांच्यात बसून आजार समजावून सांगत आणि बरी होत आलेली माणसे त्यांना दाखवत. रुग्ण सुधारला की त्याच्या मागोमाग घरही निघे. त्याला टाकून जाण्याचा प्रश्नच उरत नसे. याच दशकात क्लोरप्रोमॅझिनसारखी औषधे आली होती, त्यांचा वाटा मोठाच. पण औषध मिळूनही अनेक देशांत माणसे वर्षानुवर्षे वॉर्डातच राहिली. तंबूने काय साधले ते त्यावरून कळते. गरजेपोटी निघालेल्या या युक्तीला पुढे शास्त्राची मान्यता मिळाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने 1957 मध्ये मानसिक आरोग्य केंद्र काढले, तेव्हा तिथेही कुटुंबाला सोबत राहण्याची सोय ठेवली.

सत्तरच्या दशकात प्रश्न उलटा विचारला गेला. कुटुंब इस्पितळात येऊ शकते, मग इस्पितळ गावात का जाऊ नये? बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने शहराबाहेर सकलवारा इथे, चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातल्या रायपूर राणी भागात हा प्रयोग केला. मानसोपचारतज्ज्ञ मूठभर असल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एमबीबीएस डॉक्टरला मोजके आजार आणि मोजकी औषधे शिकवायची, आरोग्यसेवकाने घरोघर फिरून रुग्ण हेरायचे आणि गोळ्या चालू आहेत ना ते पाहायचे, अशी ती रीत. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम याच पायावर आखला गेला आणि 1985 पासून कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात तो पडताळून पाहिला. 1996 मध्ये चार जिल्ह्यांपासून सुरू झालेला जिल्हा कार्यक्रम आज कागदोपत्री सातशेहून अधिक जिल्ह्यांत आहे.

कागदोपत्री हा शब्द मुद्दाम वापरला. बळ्ळारीत मागे निम्हान्स उभी होती, इतर जिल्ह्यांत बहुधा एक रिकामे पद. आलेला निधी खर्चच झाला नाही, अशी तक्रार पहिल्या दशकात वारंवार झाली. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे नोंदवले. गंभीर आजारांतही चारांपैकी जवळजवळ तिघे उपचारांबाहेर होते. या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही लक्षात ठेवावे.

सरकारी सोय जिथे नसते तिथे दुसरी कोणती तरी तयार होते. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीला दर्गा आहे, आणि त्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी ठिकाणे उगवली होती. 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे त्यांतल्या एका झोपडीला आग लागली. आतली माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. 28 जण गेले. देश हादरला, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दर्ग्यांवर बोट ठेवणे सोपे होते आणि ते ठेवलेही गेले. पण लेकराला तिथे नेणारी आई अंधश्रद्धाळूच असते असे नाही. बऱ्याचदा आणखी कुठे न्यायचे हे तिला माहीत नसते. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्याने पुढे दुआ आणि दवा एकाच आवारात देण्याचा उपक्रम स्वीकारला. मुजावर रुग्णाला डॉक्टरकडे पाठवतात. आपल्याकडच्या देवरुषांशी असे बोलायला आपण क्वचितच तयार होतो.

जवळच्याच माणसांना उपचारांशी जोडण्याचा विदर्भातला अनुभवही याच जातीचा आहे. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून उदास माणसाशी कसे बोलायचे, त्याला कुठे पाठवायचे हे ठरवले. नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी 4.3 टक्के होते, ते 27.2 टक्क्यांवर गेले. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने याआधीच दाखवले होते की पदवी नसलेला, पण नीट शिकवलेला समुपदेशक आरोग्य केंद्रात उपयोगी पडतो.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 मध्ये लागू झाला. साखळ्यांना बंदी, भूल न देता शॉक देण्याला बंदी, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर खटला नव्हे तर मदत. पुढे आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क. कायदा उत्तमच आहे. त्यातले एक कलम मात्र थेट आपल्या जुन्या गृहीतकावर घाव घालते. घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही.

मग तो माणूस जाणार कुठे? त्यासाठी सरकारने निवारागृहे काढायची आहेत. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावे लागले की मनोरुग्णालयातून बरी झालेली माणसे भिक्षेकरी गृहांत पाठवणे थांबवा. अमृतसरच्या तंबूची मदार होती घर असण्यावर. एकत्र कुटुंब आटले, तरणी पोरे शहरात गेली, सांभाळणारी आई म्हातारी झाली. आपली व्यवस्था मात्र घर आहेच असे धरून चालते.

कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात डॉ. भरत वाटवानी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणतात, बरे करतात आणि पार बिहार-बंगालपर्यंत त्यांच्या घरी पोहोचवतात. 2018 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेला म्हणून आशा सोडलेला मुलगा दारात उभा राहतो, गाव गोळा होते. सोबत दिलेल्या गोळ्या काही आठवड्यांत संपतात. त्यानंतरच्या गोळ्या जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळाव्यात, अशी 1982 ची योजना होती.